भाताच्या मुळाशी काय शिजतं: मिथेन खाणारे आणि अमोनिया खाणारे सूक्ष्मजीव

ऑगस्टात, भात पोटरीत येण्याच्या आधी, खाचरातला एक चूड मुळांसकट उपटा आणि बांधावरच्या पाण्यात हलक्या हाताने खळबळून धुवा. मुळांना चिकटलेला चिखल काळसर निळा दिसेल, त्याला कुजक्या अंड्याचा वास येईल. चिखल निघून गेला की मुळं दिसतील आणि त्यांचा रंग बघण्यासारखा असतो. टोकाशी फुटलेली कोवळी मुळं पांढरी असतात, पण जरा जुनी मुळं तांबूस तपकिरी, गंज चढल्यासारखी. हा खरोखरचा गंज आहे. पाण्याखालच्या चिखलात लोह विरघळलेल्या रूपात असतं. त्याला ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा घट्ट होऊन जागच्या जागी बसतं. मुळांवर गंज चढला आहे म्हणजे मुळांतून ऑक्सिजन बाहेर पाझरतो आहे.

काळा चिखल आणि तांबडं मूळ यांच्यामध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा आहे. भातशेतीतून हवेत किती मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा एक वायू, जाणार आणि आपण टाकलेल्या युरियातलं किती नत्र पिकाला मिळणार, या दोन्ही गोष्टींचा मोठा भाग या एवढ्याशा जागेत ठरतो. तिथे दोन प्रकारचे सूक्ष्मजीव राहतात. एक मिथेन खातात, दुसरे अमोनिया. ते एकमेकांचे शेजारी आहेत, एकाच ऑक्सिजनवर दोघांचा डोळा आहे, आणि त्यांचं नातं त्याहूनही जवळचं आहे. ते पुढे येईलच.

पाणी भरलं की जमिनीत काय होतं

कोरड्या जमिनीत मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळते. चिखलणी करून पाणी कोंडलं की त्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मातीतले जिवाणू असलेला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपवून टाकतात आणि वरून नवा पुरेसा पोहोचत नाही. उरतो तो फक्त वरचा एक पातळ थर, दुधावरच्या सायीसारखा, फार तर काही मिलिमीटर जाडीचा. त्याच्या खाली सगळा बिनऑक्सिजनचा कारभार.

पण ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. श्वासासाठी ते दुसरं काहीतरी शोधतात, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी मातीतलं नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. सल्फेट वापरलं जातं तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास त्याचाच. तो लोहाला भेटला की काळा रंग येतो. हे सगळं संपत आलं की मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी येते.

मिथेन तयार करणारे हे सूक्ष्मजीव जिवाणू नव्हेत. ते आर्किया नावाच्या वेगळ्या, फार जुन्या शाखेतले आहेत. इतर जिवाणू पेंढा, धसकटं, शेणखत, मुळांतून पाझरणारी साखर यांचे तुकडे करत करत ते ॲसिटेट आणि हायड्रोजनपर्यंत आणून ठेवतात. मिथेनवाले त्यापासून मिथेन बनवतात. खाचरात चालताना पायाखालून बुडबुडे येतात, त्यांत हा वायू असतो. १७७६ साली इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने, ज्याच्या नावावरून आपण व्होल्ट म्हणतो त्यानेच, माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून असेच बुडबुडे बाटलीत भरले होते आणि तो वायू पेटतो हे दाखवलं होतं.

वरच्या क्रमातून एक गोष्ट आपोआप निघते. ज्या जमिनीत वापरण्याजोगं लोह भरपूर, तिथे मिथेनची पाळी उशिरा येते. कोकणातली जांभ्याची लाल जमीन लोहाने भरलेली आहे. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या शेतावर मोजलेला मिथेनचा आकडा उचलून आपल्या शेतीला लावता येत नाही. असं केल्यावर काय झालं, तेही पुढे सांगतो.

भाताचा देठ म्हणजे धुराडं

भात पाण्यात उभा राहू शकतो कारण त्याच्या पानांपासून मुळांपर्यंत आतून हवेच्या पोकळ नळ्या असतात. ज्वारीला किंवा तुरीला पाण्यात महिनाभर उभं केलं तर मुळं कुजतील. भाताची कुजत नाहीत, कारण पानांकडून या नळ्यांतून ऑक्सिजन खाली मुळांपर्यंत उतरतो. त्यातला थोडा मुळांच्या बाहेर झिरपतो आणि मुळाभोवती ऑक्सिजनचं एक बारीक कवच तयार होतं. सुरुवातीला सांगितलेला गंज ही त्या कवचाचीच खूण.

पण नळीला दोन तोंडं असतात. वरून ऑक्सिजन खाली येतो तसा खालून मिथेन वर जातो. खाचरातून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी मोठा वाटा, पीक भरात असताना नव्वद टक्क्यांपर्यंत, बुडबुड्यांतून नव्हे तर भाताच्या रोपांतूनच बाहेर पडतो.

या नळीत शिरण्याआधी मिथेनला मुळाभोवतीचं ते ऑक्सिजनचं कवच ओलांडावं लागतं, आणि तिथेच मिथेन खाणारे जिवाणू बसलेले असतात. मिथेन आणि ऑक्सिजन या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात अशी जागा चिखलात फारशी नाही. वर पृष्ठभागावरची साय आणि खाली मुळांच्या भोवतालची जागा, एवढीच. या जिवाणूंचं सगळं आयुष्य या दोन सीमांवर चालतं.

मिथेन हा खाऊन जगण्यासाठी सोपा पदार्थ नाही. कार्बनच्या एका अणूला चार हायड्रोजन इतके घट्ट बांधलेले असतात की कारखान्यात ती गाठ सोडवायला मोठं तापमान आणि दाब लागतो. हा जिवाणू ते काम पावसाळ्यातल्या चिखलाच्या तापमानाला करतो. त्याच्याकडे त्यासाठी एक खास विकर असतं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. त्याचं नाव मिथेन मोनोऑक्सिजिनेज. बहुतेक जातींत ते तांब्यावर चालतं. काही जातींकडे लोहावर चालणारा दुसरा प्रकारही असतो, जो तांबं कमी पडलं की कामाला येतो. मिथेनपासून मिथेनॉल, त्यापासून फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड अशा पायऱ्या होतात. फॉर्मल्डिहाइडच्या टप्प्यावर काही कार्बन बाजूला काढून जिवाणू आपलं शरीर बांधतो. म्हणजे खाचराच्या चिखलात असे जीव आहेत ज्यांच्या अंगातला बराचसा कार्बन एकेकाळी मिथेन होता.

असा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो नेदरलँड्समध्ये सोंगेन या शास्त्रज्ञाने, १९०६ साली. नंतर बराच काळ या विषयात फारसं घडलं नाही. १९७० मध्ये ब्रिटनमधल्या व्हिटनबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक प्रकार वेगळे करून दाखवले तेव्हा कळलं की हे जीव दुर्मीळ नाहीत, तळी, दलदली, शेतं सगळीकडे आहेत. कोरड्या दिवसांत यातले बरेच जण जाड कवच धरून मातीत पडून राहतात. मे महिन्यात भेगाळलेल्या बांधीतसुद्धा ते असतात आणि पाणी भरलं की जागे होतात.

आपल्याकडच्या खाचरांतही असे नवे जीव सापडले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातशेतांच्या चिखलातून मिथेन खाणारे जिवाणू वेगळे केले. त्यातला एक इतका वेगळा निघाला की त्याला नवी प्रजाती आणि नवं कुलनाम द्यावं लागलं: मेथायलोकुकुमिस ओरायझी. सूक्ष्मदर्शकाखाली तो काकडीसारखा लांबट दिसतो. हे काम किती चिवटपणाचं असतं त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. या जिवाणूंना साखर, पेप्टोन असं नेहमीचं खाद्य चालत नाही. बंद बाटलीत थोडं क्षारांचं पाणी घालायचं, वरच्या रिकाम्या जागेत हवेबरोबर मिथेन भरायचा, आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. त्यातही मिथेन न खाणारे उपरे जिवाणू त्यांच्या उष्ट्यावर वाढत राहतात आणि शुद्ध वाण हाती लागत नाही. मराठी मातीतून असा जीव नावानिशी जगापुढे येतो याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि याची बातमी आपल्या भातपट्ट्यात फारशी पोहोचली नाही याचं वाईटही वाटतं.

आता अमोनियाकडे

खाचरात युरिया फेकला की मातीतल्या युरिएज विकरामुळे थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो. पाण्यात त्याचं बरंचसं अमोनियम बनतं आणि भाताला ते आवडतं. इतर पिकं नायट्रेटवर जास्त अवलंबून असतात, भात अमोनियमवर चांगला पोसतो. पण अमोनियम पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या थरात राहिलं तर तिथे त्याला दुसरे गिऱ्हाईक भेटतात. हे सूक्ष्मजीव अमोनिया जाळून त्यातून ऊर्जा मिळवतात. अमोनियापासून हायड्रॉक्सिलअमाइन, त्यापासून नायट्राइट आणि पुढे नायट्रेट.

हे काम दोन टप्प्यांत वेगवेगळे जिवाणू करतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सिद्ध केलं. पुढची शंभर वर्षं पाठ्यपुस्तकात तेच होतं: अमोनियाचं नायट्राइट करणारे एक, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. मग दोन धक्के बसले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून अमोनिया खाणारा आर्किया वेगळा काढला गेला, आणि पुढच्याच वर्षी कळलं की बऱ्याच जमिनींत अमोनिया खाणाऱ्यांमध्ये जिवाणूंपेक्षा आर्कियाच संख्येने जास्त आहेत. दुसरा धक्का २०१५ चा. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटा करणारा जिवाणू असू शकतो हे व्हिएन्ना आणि नायमेखन इथल्या दोन गटांनी एकाच सुमारास दाखवून दिलं. शंभर वर्षांचं दोन टप्प्यांचं चित्र अपुरं ठरलं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर नायट्रेट तयार झालं की ते हातातून निसटतं. अमोनियमवर धन भार असतो म्हणून ते चिकणमातीच्या कणांना धरून राहतं. नायट्रेटवर ऋण भार, त्यामुळे ते पाण्याबरोबर खाली उतरतं. काही मिलिमीटर खाली ऑक्सिजन नाही, आणि तिथले जिवाणू नायट्रेटवर टपलेलेच असतात. वरचा क्रम आठवा, ऑक्सिजननंतर पहिला नंबर त्याचाच. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो उडून जातो. काम मध्येच अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. फेकून दिलेल्या युरियातलं साधारण ३० ते ४० टक्के नत्रच भाताच्या पिकात उतरतं असं जे सांगितलं जातं, त्याचं एक मोठं कारण हे आहे. दुसरं कारण, भर उन्हात पाण्यावरून अमोनियाच सरळ उडून जाणं.

नायट्रस ऑक्साइडबद्दल दोन आकडे लक्षात ठेवावेत असे आहेत. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलोइतकी. म्हणजे एक किलो नायट्रस ऑक्साइड हा दहा किलो मिथेनच्या बरोबरीचा. शिवाय मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, नायट्रस ऑक्साइड शतकाहून जास्त.

एका घराण्याची दोन विकरं

अमोनिया फोडणाऱ्या विकराचं नाव अमोनिया मोनोऑक्सिजिनेज. ते आणि मिथेन फोडणारं तांब्यावरचं विकर यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली तर दोन्ही एकाच पूर्वजापासून आलेली आहेत हे स्पष्ट होतं. रेणूंकडे पाहिलं तरी आश्चर्य वाटत नाही. मिथेन आणि अमोनिया दोन्ही लहान, आकाराने जवळजवळ सारखे. त्यामुळे या विकरांची गफलत होते. मिथेन खाणाऱ्या जिवाणूच्या विकरात अमोनिया शिरू शकतो, आणि अमोनिया खाणाऱ्याच्या विकरात मिथेन.

या गफलतीत मिथेनवाल्याचं दुहेरी नुकसान होतं. अमोनिया जागा अडवून बसला की तेवढा मिथेन बाहेर राहतो. शिवाय अमोनियापासून जे हायड्रॉक्सिलअमाइन आणि नायट्राइट बनतं ते त्याच्यासाठी विषारी. त्यातून त्याला ऊर्जाही मिळत नाही. अमोनियावाल्याकडे पुढचं हायड्रॉक्सिलअमाइन पचवायची चोख व्यवस्था असते, म्हणून तो त्यावर जगू शकतो. उलट बाजूने तो मिथेन थोडाफार फोडतो पण त्यावर वाढू शकत नाही.

प्रयोगशाळेत हे जवळचं नातं कामी येतं. वेल्डिंगच्या दुकानात जो ॲसिटिलीन वायू असतो, तो अगदी थोडा सोडला तरी दोन्ही विकरं बंद पडतात. मातीचे दोन नमुने घ्यायचे, एकात ॲसिटिलीन सोडायचा, दुसऱ्यात नाही. दोन्हींतल्या मिथेनमधला फरक म्हणजे जिवाणूंनी खाल्लेला मिथेन. भर शेतात असं मोजायला आता याच तत्त्वावरचे दुसरे वायू वापरतात.

आता यातून सरळ निष्कर्ष निघतो असं वाटेल: युरिया टाकला की अमोनिया वाढणार, मिथेन खाणाऱ्यांचं तोंड बंद होणार, शेतातून मिथेन जास्त सुटणार. १९८० च्या दशकाच्या अखेरीला शास्त्रज्ञांनाही हेच वाटत होतं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या जंगलात नत्रखत दिलेल्या जमिनीने हवेतला मिथेन कमी शोषला, हे 'नेचर'मध्ये छापून आलं, आणि नत्रखत म्हणजे मिथेनभक्षकांचा शत्रू हे समीकरण पक्कं झालं.

मग २००० साली त्याच 'नेचर'मध्ये पॉल बोडेलिअर आणि सहकाऱ्यांचा भातावरचा प्रयोग आला. निकाल उलटा. भाताच्या मुळाशी अमोनियमयुक्त खत दिलं तेव्हा मिथेन खाण्याचं प्रमाण वाढलं. खत नसलेल्या मातीत ते रोडावलं होतं.

दोन्ही प्रयोग खरे आहेत. जंगलाच्या जमिनीत मिथेन येतो तो हवेतून, जेमतेम दोन पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन. इतक्या कमी मिथेनपुढे थोडा अमोनियाही विकराची जागा बळकावतो. खाचरात मिथेन खालून येतो आणि हजारो पटींनी जास्त असतो. तिथे विकरासाठी मारामारी नाही. तिथे जिवाणूला खायला भरपूर आहे, कमी पडतं ते शरीर बांधायला लागणारं नत्र. मिथेनमध्ये नुसता कार्बन आणि हायड्रोजन. प्रथिनं करायची तर नत्र दुसरीकडून आणावं लागतं. आणि मुळाशेजारी बसलेल्या जिवाणूच्या आधी ते नत्र भात ओढून घेतो. इटलीतल्या भातशेतांवर केलेल्या मोजणीत हे स्पष्ट दिसलं: हंगामाच्या सुरुवातीला तयार झालेल्या मिथेनपैकी ४० टक्क्यांपर्यंत मुळाशीच खाल्ला जात होता, आणि पुढे नत्र संपत गेलं तसं हे प्रमाण खूप खाली आलं. काही मिथेनभक्षक हवेतलं नत्र स्वतः स्थिर करू शकतात, पण ते महागडं काम आहे, त्यात खूप ऊर्जा जाते.

या विषयातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. एखादं खत चांगलं की वाईट हे विचारण्यात अर्थ नाही. ते कुठल्या थरात, केव्हा आणि किती पोहोचतं यावर सगळं अवलंबून आहे. वरच्या सायीत अमोनियम सोडलं तर अमोनियावाल्यांची चंगळ होते आणि नत्र वाया जातं. तेच मुळांच्या पट्ट्यात, खाली मिळालं तर भात पोसतो आणि मिथेन खाणाऱ्यांनाही त्यांचा वाटा मिळतो.

गोळी खाली खोचली की काय होतं

कोकणातल्या वाचकांना चारसूत्री भातलागवड माहीत असेल. डॉ. नारायण सावंत यांनी ही पद्धत रुजवली. तिचं चौथं सूत्र म्हणजे युरिया आणि डीएपीच्या गोळ्या, ज्यांना शेतात सगळे ब्रिकेट म्हणतात. दोरीला आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरावर खुणा करून त्यावर लावणी करायची, की चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. लावणीच्याच दिवशी प्रत्येक लहान चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी बोटाने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची.

ही खोली वाटेल तशी ठरवलेली नाही. सात सेंटिमीटरवर ऑक्सिजन नाही. अमोनिया खाणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजनशिवाय काम करता येत नाही, म्हणून गोळीतलं अमोनियम तिथे अमोनियमच राहतं, चिकणमातीला धरून बसतं, आणि चारही बाजूंनी भाताची मुळं येऊन ते घेत राहतात. फेकलेला युरिया वरच्या सायीत पडतो, खोचलेला तिच्या खूप खाली. पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून जाणंही टळतं, आणि कोकणातल्या उताराच्या खाचरांत ते काही लहान नुकसान नाही. वाकून गोळ्या खोचणं कष्टाचं आहे, लावणीच्या घाईत मजूर मिळत नाहीत, हे सगळं मान्य. पण एवढ्या साध्या कृतीत सूक्ष्मजीवशास्त्राची इतकी अचूक समज आहे की मला तिचं फार मोल वाटतं.

कडुनिंबाचा लेप दिलेला युरियाही याच ठिकाणी घाव घालतो. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला हा लेप सक्तीचा झाला. निंबोळीतले घटक अमोनिया खाणाऱ्यांचा वेग कमी करतात, त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस टिकतं. मात्र दोन विकरांचं नातं इथेही विसरू नये. अमोनिया खाणाऱ्यांना अडवायचं रसायन मिथेन खाणाऱ्यांनाही अडवू शकतं. नायट्रापायरिनच्या बाबतीत हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून असं कोणतंही नवं रसायन भातात आणायचं तर दोन्ही वायू मोजूनच आणावं.

पाणी सोडायचं की धरायचं

मिथेन कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मधूनमधून पाणी उतरू देणं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने याची सोपी रीत बसवली. भोकं पाडलेला, फूटभर लांबीचा पाइप खाचरात रोवायचा. आत डोकावून पाहायचं. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की पुन्हा भरायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र पाणी ठेवायचंच. जमिनीत हवा शिरते, मिथेन बनवणारे मंदावतात, वापरलं गेलेलं लोह पुन्हा ताजं होतं, आणि मिथेन खाणाऱ्यांना ऑक्सिजनचा मोठा पट्टा मिळतो.

पण ऑक्सिजन अमोनियावाल्यांनाही मिळतो. जमीन ओली-सुकी होत राहिली की नायट्रेट बनतं, पाणी भरलं की ते फुटतं, आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब असा: या रीतीने मिथेन सुमारे निम्म्यावर येतो, नायट्रस ऑक्साइड जवळजवळ दुप्पट होतो. तरी खाचरात मुळात नायट्रस ऑक्साइड फार कमी असल्यामुळे एकूण तापमानवाढीचा बोजा बराच घटतो. रीत चांगलीच आहे. फक्त पाणी उतरवायच्या तोंडावर भरमसाट युरिया फेकला तर तो फायदा कमी होत जातो.

ती सगळीकडे चालणार नाही हेही सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन दिवस न थांबणाऱ्या पावसात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या शेतकऱ्याला खाचर सुकवा म्हणणं व्यर्थ आहे. ही रीत आहे कालव्याच्या नाहीतर पंपाच्या पाण्यावरच्या भातासाठी. भंडारा-गोंदियातला उन्हाळी धान हे तिचं नैसर्गिक ठिकाण. तिथे विजेचं आणि पाण्याचं बिल आधीच डोक्यावर आहे.

पावसाळी भातात हाती राहतं ते खत आणि काडीकचरा. ताजा पेंढा किंवा कोवळा हिरवा पाला पाणी भरलेल्या चिखलात तुडवला की मिथेन बनवणाऱ्यांना आयतं जेवण मिळतं. तेच चांगलं कुजवून घातलं तर बराचसा कार्बन आधीच निघून गेलेला असतो आणि मिथेन कमी होतो. गिरिपुष्पाचा पाला, पेंढा घालूच नका असं मी मुळीच म्हणणार नाही. कोकणच्या धुपणाऱ्या जमिनीला सेंद्रिय पदार्थ हवेच आहेत. पेंढा पहिल्या नांगरटीच्या आधी, जमिनीत हवा असताना घातला तर त्याचा बराच भाग मिथेनची पाळी येण्याआधी कुजतो.

आकड्यांची एक जुनी गोष्ट

१९९० च्या सुमारास भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन सुटतो असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मांडला होता. तो अमेरिका-युरोपातल्या शेतांवरच्या मोजणीवरून काढलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. अ. प. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, १९९१ मध्ये देशभरच्या भातशेतांत वायू गोळा करणाऱ्या पेट्या लावून प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा आला ४० लाख टनांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक दशांश. आपल्या बहुतेक जमिनींत सेंद्रिय कार्बन कमी, पुष्कळ भात पावसाच्या भरवशावर आणि अधूनमधून सुकणारा, खत तुलनेने कमी. मिथेन कमी निघणारच होता. पण कोणी चिखलात उतरून मोजलं नसतं तर तो दहापट आकडा आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत आपल्या शेतकऱ्याच्या नावावर चढला असता.

आज भातशेतीचा जगभरच्या मानवनिर्मित मिथेनमधला वाटा साधारण आठ टक्के धरला जातो. त्यावरून कार्बन क्रेडिटच्या योजना आता गावांपर्यंत येऊ लागल्या आहेत: पाणी कमी धरा, मिथेन वाचवा, पैसे मिळवा. यात वाईट काही नाही. शेतकऱ्याला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण करारावर सही करण्याआधी गावाने काही प्रश्न विचारावेत. मोजणी आमच्या शेतात पेटी लावून करणार की दुसरीकडचा आकडा आम्हाला लावणार? मिथेनबरोबर नायट्रस ऑक्साइडही मोजणार का? युरिया कसा द्यायचा याचा सल्ला योजनेत आहे का, की फक्त पाण्याचा? आणि उत्पादन घटलं तर भरपाई कोण देणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मुळाशेजारच्या त्या मिलिमीटरभर पट्ट्याकडे पाहून द्यावी लागतात, आणि चौथ्याचं उत्तर कागदावर लिहून घ्यावं लागतं.